डासांचा हंगाम, माणसांचा हंगाम

सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी नंदुरबार सोडून पश्चिमेला निघाली की थोड्याच वेळात खिडकीबाहेरचा खानदेश बदलतो. मिरची-कापसाची रानं मागे पडतात, टेकड्या रुळांजवळ सरकतात आणि भाताची खाचरं दिसू लागतात. उरलेला खानदेश आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हाही नवापूर तालुक्यातले नाले वाहते असतात. इथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, इथल्या कोंबड्यांनी २००६च्या फेब्रुवारीत देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूमुळे नवापूरचं नाव जगभर नेलं होतं. नवापूरच्या अलीकडे, याच रुळांवर खांडबारा आहे. स्टेशन, ग्रामीण रुग्णालय, किराणा-कापडाची दुकानं, आणि बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांतून उतरणारी मावची, गावित, कोकणा, भिल्ल माणसं. एवढं गाव, पण आसपासच्या पाड्यांना तापापासून तेलमिठापर्यंत सगळ्यासाठी हेच जवळ.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ ठरवला आणि मला विचारलं, तेव्हा डास डोक्यात आला. त्याच्याइतका जवळचा शेजारी दुसरा कोण? पावसाळा सरता सरता मी खांडबाऱ्याला पोचलो.

बाजारात मच्छरदाण्या फारशा दिसल्या नाहीत. डास पळवणाऱ्या अगरबत्त्या मात्र जवळजवळ प्रत्येक टपरीवर होत्या. खालच्या माळेत शांपूच्या पुड्या, वरच्या माळेत अगरबत्तीचे पुडे. मी दुकानदाराला विचारलं, ‘‘कधी जास्त खपतात?’’ तो म्हणाला, ‘‘पाऊस थांबला की.’’ कीटकशास्त्राच्या पुस्तकात चार पानं खर्ची घालून जे सांगितलेलं असतं, ते त्याला गल्ल्यावरून कळलेलं होतं.

डबक्यातली आडवी अळी

एका आरोग्यसेवकासोबत गावाबाहेरच्या नाल्यावर गेलो. नोकरीची बरीचशी वर्षं त्यानं याच तालुक्यात काढलेली. त्याला पाड्यांवर अजून ‘हिवतापवाले भाऊ’ म्हणतात. लांब दांड्याची पांढरी वाटी त्यानं पाण्यात अलगद तिरकी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. सुरुवातीला काही दिसलं नाही. मग काळपट, बारीक काड्या हलल्या. पृष्ठभागाला समांतर, अगदी आडव्या.

‘‘आडवी आहे ना? म्हणजे हिवतापाची,’’ तो म्हणाला. ‘‘डोकं खाली करून लटकली असती तर दुसरी.’’

डेंगीचा एडिस आणि गटारातला क्युलेक्स यांच्या अळ्या शेपटाकडच्या नळीनं श्वास घेतात, म्हणून पाण्यात उलट्या लटकतात. अ‍ॅनॉफिलिसच्या अळीला ती नळी नाही, त्यामुळे ती पाण्याच्या पातळीवर आडवी पडून राहते. खेड्यापाड्यातला हिवताप प्रामुख्यानं पसरवणारी अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस ही जात घाण पाण्यात जात नाही. तिला स्वच्छ, उन्हातलं, संथ पाणी लागतं. नाल्याच्या खडकातल्या खळग्या, पाझराचं पाणी, बैलांच्या खुरांचे ठसे, नुकती रोपं लावलेलं खाचर. धो धो पाऊस अळ्यांना वाहून नेतो. पाऊस उघडला आणि नाला तुटक तुटक डबक्यांत थांबला, की तिचं बाळंतपण सुरू होतं. अगरबत्तीवाल्याचं गणित हेच.

‘स्वच्छता राखा, डास टाळा’ अशी पाटी बहुतेक सरकारी इमारतींवर असते. डेंगीपुरतं आणि हत्तीरोगाच्या क्युलेक्सपुरतं ते ठीक. पण इथं पाड्यावरच्या बाईनं अंगण कितीही लख्ख ठेवलं, तरी तिच्या घरात येणारी मादी हजार पावलांवरच्या निर्मळ झऱ्यातून येते. त्या झऱ्यात कोण काय ओतणार? गप्पी मासे सोडतात. विहिरीत, हौदात ते चांगलं काम करतात. वाहत्या नाल्यात पुढच्याच सरीला ते तापीवरच्या उकाई धरणाच्या दिशेनं रवाना होतात. हिवतापवाले भाऊ हसून म्हणाले, ‘‘आम्ही मासे सोडतो, उकाईवाले पकडतात.’’

या भागाची तापासाठीची ख्याती जुनी आहे. ब्रिटिश काळात खानदेशाच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्याची हवा परक्या माणसाला सोसत नाही असा बोलबाला होता आणि इकडची बदली ही शिक्षा समजली जाई. इथल्या माणसाला ती हवा कशी सोसत होती, हे कळायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. त्याकडे पुढे येऊ.

भिंतीवरचं औषध, भिंतीवरचं शेण

१९५३मध्ये देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. डीडीटी आलं, पंप आले, फवारणीची पथकं गावोगाव फिरली. १९६१पर्यंत नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उतरले. तेव्हा रोग संपल्यातच जमा आहे असं वाटणं साहजिक होतं. १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

असं का झालं, याची उत्तरं अनेक आहेत. त्यातलं एक शेजारच्या गुजरातेत सापडतं. क्युलिसिफेसिसनं डीडीटी पचवायला सुरुवात केल्याची देशातली पहिली नोंद गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यातली, १९५८-५९ची. पुढे मॅलाथिऑन आलं, तेही तिनं पचवलं. मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली. नव्या शतकाच्या सुरुवातीला सुरत जिल्ह्यात, म्हणजे आजच्या तापी जिल्ह्यासह नवापूरला लागून असलेल्या पट्ट्यात, त्यांनाही दाद न देणाऱ्या माद्या आढळल्या. राज्याची हद्द ओलांडायला डासाला पास लागत नाही. नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा फलाट तर तसाही गुजरातेत आहे.

घरातल्या फवारणीमागचा विचार मात्र अजून मजबूत आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. रोगी माणसाचं रक्त प्यायलेली मादी लगेच रोग देऊ शकत नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळग्रंथीपर्यंत पोचायला आपल्याकडच्या हवेत साधारण दहा-बारा दिवस जातात. तेवढे दिवस जगणाऱ्या माद्या मुळात थोड्या. रक्त प्याल्यावर जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी रक्तासाठी येणाऱ्या मादीला ते कधीतरी गाठतंच. सगळे डास मारायची गरज नाही, म्हाताऱ्या होऊ दिल्या नाहीत की झालं. जॉर्ज मॅकडॉनल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात हे गणितानं दाखवलं.

आता ती भिंत पाहा. इथल्या जुन्या घरांचा कूड बांबूचा, त्यावर शेणमातीचं लिंपण. फवारणीचा परिणाम अडीच-तीन महिने टिकावा अशी अपेक्षा असते. आणि पावसानं ओघळलेल्या भिंती बाया सणाआधी सारवतात. नवरात्र, दिवाळी, घरात लग्न. औषधावर शेणाचा एक पदर चढला की फवारणी संपली. त्यात त्यांची चूक कशी म्हणायची? सारवणं हे इथं घर जिवंत असल्याचं लक्षण. सणाच्या तोंडावर घर सारवू नका असं सांगणारा माणूस गावात परत पाऊल कसं ठेवील?

फवारणीला नाही म्हणणारी घरंही असतात. कारणं ऐकली तर हसू येत नाही. धान्याच्या कणग्या बाहेर काढाव्या लागतात, भांडी हलवावी लागतात, कामाच्या भर हंगामात एक माणूस घरी अडकतो. वास येतो. फवारल्यावर ढेकूण पिसाळतात, हे तर देशभरच्या हिवताप कर्मचाऱ्यांनी दोन पिढ्या ऐकलेलं आहे. देवाच्या कोपऱ्यात फवारू देत नाहीत. शेवटी बाहेरच्या ओसरीत पंप मारून पथक पुढे जातं आणि भिंतीवर तारीख टाकून घर ‘झालं’ म्हणून नोंदवलं जातं.

एका पाड्यावर खाटेवर बसलेले आजोबा बराच वेळ आमचं बोलणं ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘तुम्ही घराला औषध मारता. आम्ही तर रानात झोपतो.’’ भात-मका पिकात असतो तेव्हा रानडुकरांपासून राखण करायला घरटी एकजण शेतातल्या माचाणावर झोपतो. त्याला ना भिंत, ना मच्छरदाणी. गोठ्यातल्या गुरांचं रक्त क्युलिसिफेसिसला माणसापेक्षा जास्त आवडतं. म्हणून बैलांच्या सोबतीनं एकाच छपराखाली झोपणाऱ्याला थोडा तरी आडोसा मिळतो. माचाणावरच्या माणसाला तोही नाही.

पंधरा रुपयांची काच

ताप आला की चोवीस तासांत रक्त तपासा, असा नियम आहे. तो उगाच केलेला नाही. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापात जंतूचं डासाकडे जाणारं रूप रुग्णाच्या रक्तात ताप सुरू झाल्यानंतर साधारण दहा दिवसांनी उतरतं. त्याआधी औषध पोटात गेलं तर रुग्ण वाचतो आणि त्याच्यापुढची साखळीही तुटते. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीत तेवढी सवड मिळत नाही. ते रूप तापासोबतच रक्तात हजर असतं.

हे चोवीस तास कोणाच्या खांद्यावर आहेत? पाड्यावरच्या आशाताईच्या. २००५पासून देशभर या बायका उभ्या राहिल्या. रक्ताच्या एका काचपट्टीमागे किंवा तपासणीच्या एका किटमागे त्यांना पंधरा रुपये ठरवले गेले होते. मी ज्या आशाताईंसोबत फिरलो त्यांच्या पिशवीत कापूस, सुया, काचपट्ट्या, तपासणीची किटं, लोहाच्या गोळ्या, ओआरएसच्या पुड्या आणि नोंदवह्यांचा गठ्ठा होता. वह्या सगळ्यांत जड.

बोटाला टोचायचं, काचेवर एक जाड थेंब आणि एक पातळ ओघळ ओढायचा, वाळवायचं, नंबर घालायचा. काच प्रयोगशाळेत जाते, तिथं जेएसबी रंगात बुडते आणि तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जाड थेंबाची शंभर क्षेत्रं पाहतो, तेव्हा कुठे ‘निगेटिव्ह’ लिहिता येतं. एकट्या माणसाच्या डोळ्यांनी दिवसभरात अशा किती काचा नीट बघून होतील? रस्ता तुटला, तंत्रज्ञ रजेवर गेला, काचा साचल्या की चोवीस तासांचे चार-पाच दिवस होतात. तोवर तापकरी एक तर बरा वाटून शेतात गेलेला असतो किंवा गावात मोटारसायकलवर येणाऱ्या बिनपदवीच्या ‘डॉक्टर’कडून सलाईन लावून घेतलेला असतो. सलाईनची बाटली डोळ्यांना दिसते आणि तिनं तरतरी येते. आशाताईची काच रक्त घेऊन जाते, देत काहीच नाही.

यावर उतारा म्हणून तपासणीचं किट आलं. रक्ताचा थेंब, द्रावणाचे थेंब, पंधरा-वीस मिनिटांत रेघा. दुर्गम पाड्यावर याला तोड नाही. पण ते उन्हात तापलेलं चालत नाही, आणि नंदुरबारचा मे महिना कुठल्या पत्र्याच्या घराला सोडतो? शिवाय फॅल्सिपेरमची रेघ माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते, म्हणून गेल्या महिन्यात औषध घेतलेल्याला पुन्हा ताप आला तर परत काचेकडेच जावं लागतं.

रुग्ण कमी होत गेले की हे काम आणखी कठीण होतं, हे मला इथं आल्यावर उमगलं. देशात २०१५ साली नोंदलेले हिवतापाचे रुग्ण ११ लाखांहून अधिक होते, २०२३मध्ये ते सव्वादोन लाखांच्या घरात आले. महाराष्ट्रातले बहुतेक रुग्ण आता गडचिरोली आणि मुंबई या दोन टोकांना आहेत. २०३०पर्यंत हिवताप देशातून हटवायचा असं ठरलेलं आहे. म्हणजे नवापूरसारख्या तालुक्यातल्या आशाताईनं शेकडो काचा घ्यायच्या आणि त्या सगळ्या कोऱ्या निघायच्या. ‘‘पॉझिटिव्ह निघाला की मोठे साहेब येतात, निघाला नाही की कोणी विचारत नाही,’’ त्या म्हणाल्या. कोऱ्या काचेची शाबासकी द्यायची सोय आपल्या व्यवस्थेत नाही. १९६१ नंतर नेमकी हीच ढिलाई झाली होती.

रक्तातली जुनी खूण

आता त्या हवा सोसण्याच्या गोष्टीकडे. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी होतं, सांध्यांत जीवघेण्या कळा येतात. आई-बाप दोघांकडून दोष आला तर हा आजार. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, बहुधा धडधाकट. आणि वाहकाला फॅल्सिपेरमच्या जीवघेण्या हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. आफ्रिकेत अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये हे दाखवलं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप लहान मुलं उचलत होता, तिथं हा दोष टिकला, वाढला. म्हणजे साहेबाला न सोसणारी हवा इथल्या माणसालाही फुकट सोसलेली नव्हती. त्याची किंमत आजही खांडबाऱ्याच्या रुग्णालयात कळा सोसत येणारी मुलं मोजतात. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला हिवताप झाला तर ते संरक्षण उलटतं. त्याच्यासाठी तोच ताप घातक ठरतो.

औषधाचीही एक अडचण रक्तातच आहे. व्हायव्हॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, पण दडलेला जंतू मरायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर ज्यांच्या रक्तात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटू शकतात, आणि हा दोषही आदिवासी समाजांत तुलनेनं अधिक आढळतो. तो तपासायची सोय पाड्यावर नसते. म्हणून गोळ्या देताना आशाताई बजावतात, ‘‘लघवी काळपट झाली तर गोळी बंद कर आणि थेट दवाखाना गाठ.’’ हे ऐकल्यावर ठणठणीत झालेला गडी चौदा दिवस गोळी घेईल?

मी बऱ्याच जणांना विचारलं. गोळ्या मिळाल्या होत्या का? हो. संपवल्या का? मग नजर छपराकडे. एका घरात आईनं उरलेल्या गोळ्या जपून ठेवल्या होत्या, पुढच्या वेळी घरात कोणाला ताप आला तर असाव्यात म्हणून.

मग लसच का नाही? पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट ऑक्सफर्डच्या साथीनं हिवतापाची आर-ट्वेंटीवन ही लस बनवते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या ऑक्टोबरात तिची शिफारस केली आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळू लागली. ती फॅल्सिपेरमवरची आहे. यकृतात दडणाऱ्या व्हायव्हॅक्सवर तिचा उपयोग नाही. त्यामुळे पुण्यात लस आणि खांडबाऱ्यात चौदा दिवसांच्या गोळ्या, यात वाटते तितकी विसंगती नाही.

पत्र्याची पिपं आणि धुराची गाडी

खांडबाऱ्याच्या बाजारपेठेतला आजार वेगळा. इथं पक्की घरं, गच्चीवर टाक्या, टायरची दुकानं, कूलर, फ्रिज. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिसला हेच हवं. तो दिवसा चावतो, घरातल्या कपड्यांमागे, खाटेखाली लपतो, जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून भागत नाही. पिपाच्या आतून कडा घासावी लागते. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात, त्यावरून ‘कोरडा दिवस’ आठवड्याचा ठरला.

पण नळाचं पाणी रोज येईल याची खात्री नसेल, तर भरलेलं पिंप कोण ओतील? एका घरी आम्ही पिंपात विजेरी मारली तर अळ्या वळवळत होत्या. घरातली सासू म्हणाली, ‘‘पाणी उद्या येईल म्हणून लिहून दे, आत्ता ओतते.’’ आरोग्यसेवक गप्प. त्यांनी टेमिफॉस या अळीनाशकाचे थेंब टाकले आणि पिंपावर जुनं लुगडं ताणून बांधून दिलं. त्यांच्या दिवसभरातलं सगळ्यात उपयोगी काम कदाचित हेच असेल. पाणीपुरवठा खातं आणि आरोग्य खातं यांची बैठक वेगवेगळ्या दिवशी होते. एडिसचं घर त्या दोन बैठकींच्या मधोमध आहे.

आणि मग धुराची गाडी. कुठं डेंगीचा रुग्ण निघाला की पहिली मागणी तिची. डिझेलच्या धुरात कीटकनाशक. त्या वेळी उडत असतील तेवढे डास मरतात, अळ्यांना काही होत नाही, परिणाम काही तासांत विरतो. त्यात गाडीचा आवाज आला की लोक दारं-खिडक्या लावून घेतात आणि डास तर घरातच. साथ भडकलेली असताना, घराच्या आत धूर गेला तर त्याचा उपयोग आहे. एरवी तो फोटोसाठी असतो. माझं हे मत मी गावातल्या एका पुढाऱ्यापुढे मांडलं. ते मोकळेपणानं म्हणाले, ‘‘साहेब, पिंपावर कापड बांधल्याचं कोणी बघत नाही. धूर सगळ्या गावाला दिसतो.’’

डेंगीच्या आकड्यांचा घोळही असाच. खासगी दवाखान्यात कार्डावरची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली की गावात बातमी होते. सरकार मात्र एलायझा चाचणीनं पक्का झालेलाच रुग्ण मोजतं, ज्याची किटं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात. दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. चिकुनगुन्याचा अनुभव तर याहून सावध करणारा. १९७३मध्ये बार्शीत त्याची साथ आली, मग तीन दशकं तो देशातून जणू नाहीसा झाला. २००५-०६मध्ये परतला, तेव्हा संशयित रुग्ण तेरा लाखांवर गेले आणि महाराष्ट्रातली गावंच्या गावं सांधे धरून बसली. डास मधल्या काळात कुठेही गेला नव्हता.

पडाव

सरकारी कागदांवर हिवतापाचं वर्ष जूनला सुरू होतं. जून हिवताप महिना, फवारणीच्या फेऱ्या पावसाळ्याभोवती. खांडबाऱ्याच्या पाड्यांचं वर्ष वेगळं. भात-मका हाती आला, दिवाळी झाली, की मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते. बिऱ्हाड, कोंबड्या, लहान मुलं घेऊन जोडपी दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. बारडोली, मढी, चलथाण. कोणी सुरतेत बांधकामावर, कोणी नाशिककडे द्राक्षबागांत, कोणी सौराष्ट्रात शेतीवर. थेट होळीला किंवा त्यानंतर परत.

यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९७०च्या दशकापासून या ऊसतोड मजुरांविषयी लिहीत आहेत. त्यांनी वर्णन केलेले पडाव आजही फार बदललेले नाहीत. शेताच्या कडेला, कालव्याजवळ, प्लास्टिकच्या कागदाच्या खोपट्या, ज्यात माणूस वाकूनच शिरतो. तिथं फवारायला भिंत नाही, मच्छरदाणी टांगायला आढं नाही, पहाटे अंधारात तोडीला निघायचं. या उसाला पाणी मिळतं ते उकाई-काकरापारच्या कालव्यांतून. १९७२मध्ये उकाई धरण झालं, तेव्हा फुगवट्यात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलीही गावं गेली. ज्यांच्या आजोबांची शेती त्या पाण्याखाली आहे, त्यांची नातवंडं त्याच पाण्यावरचा ऊस तोडतात आणि त्याच कालव्याच्या डासाला अंग देतात.

पडावातल्या मजुराला ताप आला, तर तो कोणाच्या यादीत? गुजरातच्या आरोग्यसेविकेच्या रजिस्टरमध्ये त्याचं घर नाही. खांडबाऱ्याच्या आशाताईकडे घराला कुलूप आहे. तोड चुकली तर कोयत्याची मजुरी बुडते, म्हणून तो मुकादमाकडून तापाची गोळी घेतो आणि उभा राहतो. होळीला घरी येतो तेव्हा फॅल्सिपेरम त्याच्या रक्तात असू शकतो, ताप नसतानाही. इथं पाऊस पडतो, खळग्या भरतात, आणि आशाताईच्या कोऱ्या काचांमध्ये एक काच अचानक बोलते. ‘‘बाहेरून आलेल्यांची काच आल्याबरोबर घ्या, असं सांगितलंय. पण ते रात्रीच्या गाडीनं येतात, दोन दिवस सण करतात, परत जातात,’’ त्या सांगत होत्या. त्यांनी स्वतःपुरता मार्ग काढलेला आहे. त्या होळीच्या आधी मुकादमाच्या बायकोला फोन करून विचारतात, गाडी कधी येणार.

सुरत, तापी आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या हिवताप विभागांनी पडावांची यादी एकमेकांना द्यायची, परतणाऱ्या प्रत्येक टोळीची तपासणी गाडीतून उतरतानाच करायची, हे फार मोठ्या खर्चाचं काम नाही. नव्या औषधाची वाट बघत बसण्यापेक्षा ते आधी व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. फवारणी पावसाळ्याला बांधलेली आहे ते ठीक. पण माणसांची तपासणी त्यांच्या जाण्या-येण्याला बांधली पाहिजे. शासनाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि खांडबाऱ्याचा दिवाळीनंतर, ही तफावत मिटत नाही तोवर २०३०चं उद्दिष्ट कागदावर गाठलं तरी पाड्यावर गाठलं जाणार नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या निघायच्या बेतात असतील. वाचकांत कोणी साखर कारखान्याचे संचालक असतील, द्राक्षबागायतदार असतील, बांधकामाचे ठेकेदार असतील. तुमच्याकडे आलेल्या मजुराला थंडी वाजून ताप आला, तर त्याला तापाची गोळी देऊन कामावर लावू नका. जवळच्या सरकारी केंद्रात त्याच दिवशी रक्त तपासून घ्या; ते फुकट होतं. हिवताप निघाला तर गोळ्या पूर्ण होईपर्यंत त्याची रोजची गोळी तुमच्यासमोर घ्यायला लावा, आणि तोड चुकली म्हणून त्या दिवसांची मजुरी कापू नका.